जाणकार माणूस

दिनानाथांनी गिटार उलटी केली, तिच्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि काढा प्यायल्यासारखं तोंड केलं.

"पोकळ वाजतेय."

"पोकळच असते ना ती?" द्वारकाबाई म्हणाल्या.

बाई भलतीच तिखट होती. गिरीजच्या या वाडीत पाय ठेवल्यापासून तिने त्यांना एक शब्द धड बोलू दिला नव्हता. फाटकाशी 'वहिनी' म्हणून हाक मारली, तर "वहिनी कुणाची? द्वारकाबाई म्हणा." मे महिन्याचं ऊन, घशाला कोरड, म्हणून पाणी मागितलं, तर म्हणे, "मनवेलपाड्याचे ना तुम्ही? टँकरने रोज आमच्याच विहिरींचं पिता. एक दिवस नाही मिळालं तर काही मरत नाही!" पाणी काही आलं नाही. ओटीवर एकच खुर्ची होती, तिच्यावर बाई स्वतः बसली. दिनानाथ जमिनीवर.

पण दिनानाथही काही देवमाणूस नव्हते. ऑर्केस्ट्रात त्यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवणारा ॲन्सेल्म इथल्याच चर्चमागे राहायचा. त्याने निरोप दिला होता, "आमच्या आळीतले नरहरीभाऊ मागल्या वर्षी वारले. त्यांची हवायन गिटार आहे. त्यांच्या बायकोला ती कुणा जाणकाराला दाखवायचीय." झालं! दिनानाथांनी त्या रात्री जेवण अर्धं टाकलं. वीस-पंचवीस वर्षं ते साध्या गिटारीच्या तारा पट्टी लावून उंच करून, ती मांडीवर आडवी घेऊन वाजवत आले होते. मुळातूनच त्यासाठी घडवलेली गिटार त्यांच्या हाताला कधी लागलीच नव्हती. बेत पक्का होता. गिऱ्हाईक म्हणून जायचं नाही, जाणकार म्हणून जायचं. भरपूर नावं ठेवायची आणि मग उपकार केल्यासारखी अडगळ उचलून न्यायची.

खोळ उघडली तेव्हाच त्यांनी माल ओळखला होता. कलकत्त्याची जुनी घडण, वरची फळी कुठेही चिरलेली नाही, किडीचं एक भोक नाही. एक तार सहज छेडली, तर सूर ओटीभर फिरला आणि विझेचना. दिनानाथांनी घाईघाईने तारांवर पालथा पंजा ठेवला. बाईने ऐकायला नको!

"दांडी वाकलीय बघा." त्यांनी एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली.

"मग? वाकलेली चालत नाही?"

"कशी चालेल? तारा दाबायच्या कशा?"

हे धडधडीत खोटं होतं. या गिटारीच्या तारा दाबायच्या नसतातच मुळी, वरून पोलादाची कांडी फिरवायची असते. दांडी थोडी वाकली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण केळीच्या वाडीतल्या बाईला हे कुठून ठाऊक असणार?

"नीट बघा," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला पक्कं पाहिजे. या लाकडापायी ह्यांनी बावखलाकाठची, तळ्यालगतची जमिनीची पट्टी विकली. आमची पानवेल होती तिथे. सासूबाई लावून गेल्या होत्या. मला न विचारता विकली आणि मुंबईला जाऊन हे घेऊन आले. मी म्हटलं, फसवलं तुम्हाला, खोटा माल गळ्यात मारला. ते म्हणाले, अस्सल आहे. जन्मभर हेच भांडण. जेवताना तेच, निजताना तेच. शेवटी दवाखान्यात म्हणाले, माझ्यामागे कुणीतरी जाणकार बोलव आणि विचार, म्हणजे कळेल तुला."

पदराने त्यांनी कपाळाचा घाम टिपला.

दिनानाथांचं काम फत्ते झालं होतं. बाईला जे ऐकायचंय तेच तर ते सांगणार होते. दोघांचंही भलं!

"तुम्हीच खऱ्या, द्वारकाबाई," ते म्हणाले. "फसवलं हो त्यांना. कचरा आहे हा. शंभर टक्के कचरा."

बाई खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. पण त्या नुसत्या बसून राहिल्या. वाडीत कुठेतरी पंप चालू होता, त्याच्याकडे कान असल्यासारख्या.

"म्हणजे मी जिंकले," त्या म्हणाल्या. आवाज असा, की कुणी मयताची खबर सांगावी.

दिनानाथांना कसंसंच झालं. तरीही हाव सुटली नाही. "उगाच घरात अडगळ कशाला ठेवता? वाटलं तर मी नेतो. पोरांना शिकवायला होईल."

द्वारकाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कचरा पोरांच्या माथी कशाला मारायचा?" त्या उठल्या. "बंबात घालते. आंघोळीचं पाणी तरी तापेल." आणि खुंटीवरचा नारळ सोलायचा कोयता काढून त्यांनी सरळ गिटारीवर उगारला.

"ए बाई!"

दिनानाथ गिटारीवर आडवेच झाले. आपण इतक्या मोठ्याने ओरडू शकतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"हात लावशील तर याद राख! अक्कल गहाण ठेवलीयस का? अशी गिटार उभ्या मुंबईत शोधून मिळणार नाही! माणसं जन्म घालवतात, तरी एकदा हाताला लागत नाही!"

"आणि दांडी?"

"दांडी गेली खड्ड्यात! ह्याच्यात तारा दाबायच्याच नसतात!"

"मग मघाशी?"

"मघाशी खोटं बोललो! मला हवी होती म्हणून खोटं बोललो!"

दिनानाथ धापा टाकत होते. एका परक्या, वयाने मोठ्या बाईला आपण अरेतुरे केलं हे आता त्यांच्या लक्षात आलं, आणि शरमेने त्यांचे कान तापले.

द्वारकाबाईंनी कोयता खाली ठेवला.

"अस्सं," त्या म्हणाल्या. वाकून त्यांनी गिटार दिनानाथांच्या हाताखालून ओढून घेतली, लहान मूल घ्यावं तशी छातीशी धरली.

"सांगाल ती किंमत देतो," दिनानाथ म्हणाले. "खरंच देतो."

"विकायचीय असं कोण म्हणालं? मी जाणकार बोलावला होता, गिऱ्हाईक नाही. निघा आता."

"द्वारकाबाई, मी..."

"निघा म्हटलं ना! खोटारडे मेले!"

दार धाडकन लागलं. दिनानाथ चपला पायात सरकवून केळींमधून चालत फाटकापर्यंत आले, आणि तिथे एकदम थबकले. कोयता डोळ्यांसमोर उभा राहिला होता. बाईने तो उगारला तेव्हा धार वरच्या बाजूला होती. गिटारीकडे होती ती कोयत्याची पाठ.

आतून बाईचा आवाज आला. आधी हळू होता, शब्द कळेनात. मग चढत गेला.

"ऐकलंत ना? अस्सल आहे म्हणे! झालं समाधान? हरले मी, हरले!" मग खणखणीत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा, "पण म्हणून मला न विचारता पट्टी विकायची? विकायला नकोच होती! नकोच होती, सांगून ठेवते!"

दिनानाथांनी फाटकाची कडी आवाज न करता लावली. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने थांबू नये.