सीमेवरचा सोफा

आमची केर्तू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, पण देव अक्कल वाटत होता तेव्हा ही बाई नक्की कॉफी पीत बसली असणार. एकाहत्तराव्या वर्षी लग्न करायला निघाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नवरामुलगा स्तूरे नदीपलीकडचा, स्वीडनचा. जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवलेला, उंचापुरा, तोंडाने भयंकर बडबड्या. तोही चालेल. पण लग्नाला पाच दिवस उरलेले असताना माझ्या स्वयंपाकघरात येऊन, कॉफीला हातही न लावता, ही मला काय सांगते?

"हिल्का, माझे दात सोफ्यात राहिले."

"कुठल्या सोफ्यात?"

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली गोठलेली नदी, आणि नदीच्या बरोब्बर मधोमध, बर्फावर, तिचा हिरवा सोफा.

आता हा सोफा तिथे काय करत होता, तर आमच्याकडे दर मार्चमध्ये गावातली एखादी जुनी वस्तू नदीवर ओढून नेतात. तिला दोर बांधतात, दोराचं दुसरं टोक अग्निशमन दलाच्या शेडमधल्या घड्याळाला. मे महिन्यात बर्फ फुटून वाहायला लागला की दोर ताणतो, घड्याळ बंद पडतं, भोंगा वाजतो. ते कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी बंद पडेल, हे दोन्ही काठच्या लोकांनी आधीच वहीत लिहून ठेवलेलं असतं. ज्याचं सगळ्यात जवळ येईल, त्याला उन्हाळ्यात धबधब्याजवळ पाण्यावर पुढे बांधलेल्या फळीवर उभं राहून मासे धरायचा पहिला मान. त्या मानापायी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. तसे एरवीही फार बोलत नाहीत, पण तरी.

यंदा केर्तूने सोफा दिला, कारण लग्नानंतर ती स्तूरेकडे जाणार आणि त्याच्याकडे स्वतःचा सोफा आहे.

"पण दात तर तुझ्या तोंडात आहेत!" मी म्हटलं.

"ही जुनी कवळी. नवी करून घेतली होती लग्नासाठी. वापरून खराब नको म्हणून रुमालात बांधून सोफ्याच्या फटीत जपून ठेवली. आज घालून बघावी म्हटलं, तर सोफाच नाही."

"सोफा जाऊन दोन महिने झाले, भवाने!"

"मला फट आठवत होती. सोफा गेलाय हे डोक्यातून गेलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "मग घाल हीच जुनी. कोण बघतंय?"

तेव्हा बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरी गोष्ट अशी होती की स्तूरेला कवळीचं माहीतच नव्हतं. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "या वयात स्वतःचे दात राखलेस, मानलं तुला!" आणि ही गप्प बसली. आमच्याकडे गप्प बसण्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. पण जुनी कवळी इतकी सैल, की जरा हसलं की वरची खाली येते. एकदा माझ्याकडे जेवताना हसली तर कवळी थेट वाटाण्याच्या सूपमध्ये पडली होती. म्हणून दोन वर्षं ही स्तूरेसमोर ओठ मिटून, दगडासारखी बसायची. तो बिचारा एकावर एक विनोद सांगणार, आणि ही खिडकीबाहेर बघणार.

"नवी आली की पोटभर हसणार होते गं," केर्तू म्हणाली. "लग्नाच्या दिवसापासून."

रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला कळत नाही. मी तिला एक पाव वाढला.

सरळ उपाय असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. जायचं, फटीत हात घालायचा, कवळी आणायची. पण एक मेनंतर सोफ्याला माणसाचा हात लागला तर त्या वर्षीचा खेळ रद्द, आणि हात लावणाऱ्याच्या घराला दहा वर्षं मासेमारी बंद. एकजण मागे विसरलेली टोपी आणायला गेला होता. त्याची पोरं बाजारचे मासे खाऊन मोठी झाली. आणि या सगळ्यावर देखरेख कोणाची, तर ताउनोची. ताउनो म्हणजे सीमेवरचा निवृत्त जकात अधिकारी. नोकरी सुटली, पण अंगातला जकातनाका काही सुटत नाही. सोफा त्याने फूटपट्टी घेऊन बरोबर सीमेवर ठेववून घेतला होता. दोन पाय फिनलंडात, दोन स्वीडनमध्ये.

मंगळवारी मी त्याच्याकडे गेले. केर्तूने शपथ घातली होती की दात हा शब्द काढायचा नाही, कारण ताउनोच्या बायकोला एक गोष्ट सांगितली की ती दोन देशांत ऐकू येते.

"ताउनो," मी म्हटलं, "समज, त्या सोफ्यात कुणाची एखादी वस्तू राहिली, तर?"

"कसली वस्तू?"

"वस्तू म्हणजे वस्तू."

"जिवंत?"

"नाही रे बाबा."

"खायची?"

मी जरा विचार केला. "खाण्याशी संबंध आहे."

त्याने चष्मा लावला. "सोफ्याच्या कुठल्या बाजूला?"

"त्याने काय फरक पडतो?"

"हिल्का, डाव्या बाजूला असेल तर ती आपल्या देशात आहे. उजव्या बाजूला असेल तर गेले दोन महिने ती परदेशात आहे, आणि कागदाशिवाय गेलेली आहे. हे प्रकरण तुला वाटतं तितकं साधं नाही."

"मग काढायची कशी?"

"माणसाने हात लावायचा नाही. कोल्हा, पक्षी, वारा चालतो, ते निसर्गात मोडतात. तीन वर्षांमागे एक कोल्हा त्या वर्षीच्या खुर्चीवर चार दिवस झोपला होता, मी हरकत घेतली नाही."

मी दातओठ खात घरी आले. पण कोल्ह्याची गोष्ट डोक्यात राहिली.

बुधवारी पहाटे बर्फ कडक असतो तेव्हा मी माझी बर्फावर पायाने रेटायची ढकलगाडी काढली आणि बादलीभर माशांची डोकी घेऊन नदीवर गेले. ताउनोने सोफ्याभोवती तीस पावलांवर लाल झेंड्या लावलेल्या. झेंडीच्या आत मी बोटही ठेवलं नाही. बाहेर उभी राहून एकेक डोकं भिरकावत होते. म्हटलं, कोल्हा येईल, वासाने फट उकरेल, रुमाल बाहेर ओढेल, आणि उरलेलं वारा बघेल. सहासष्टाव्या वर्षी माझा नेम काही फार चांगला नाही. बावीस डोकी फेकली, त्यांतली तीन सोफ्यावर पडली.

कोल्हा काही आला नाही, कावळे आले. नऊ वाजेपर्यंत सोफा दिसेनासा झाला. पाठीवर कावळे, हातांवर कावळे, आणि गाद्यांवर तर ग्रामसभा. दोन्ही काठांवर लोक दुर्बिणी घेऊन खिडकीत. फळीच्या मानाचा प्रश्न होता, त्यामुळे कामाला कुणी गेलंच नाही. कावळ्यांनी एक गादी फाडली, आतला कापूस नदीभर उडवला, रुमालाचा मात्र पत्ता नाही. केर्तू माझ्या खिडकीत उभी राहून प्रत्येक कावळ्याच्या चोचीकडे बघत होती.

अकरा वाजता ताउनो दारात हजर.

"सोफ्यावर मासे कुणी टाकले?"

"मासे नदीत नाही तर काय झाडावर असतात?" मी म्हटलं.

"भाजलेले, हिल्का. एकावर शेपू होती."

मी गप्प बसले. मघाशी सांगितलंच, आमच्याकडे त्याला खोटं म्हणत नाहीत. त्याने वहीत लिहिलं, "पक्षी एकोणतीस, कारण अज्ञात," आणि कॉफी पिऊन गेला. मनाने वाईट नाही माणूस.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला नदी कण्हायला लागली. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. सगळं गाव काठावर धावलं. स्तूरेही पूल ओलांडून आला होता. काळी भेग सोफ्याच्या पलीकडून पडली, दोर ताणून तुटला, भोंगा वाजला, आणि सोफा एका बर्फाच्या लादीवर बसून निघाला, सोबत चार कावळे, साहेब लोक फिरायला निघावेत तसे. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी घड्याळाकडे पळत होतं.

आणि केर्तू सोफ्याच्या मागे पळत सुटली.

माझी ही बहीण शाळेच्या शर्यतीतसुद्धा चालत गेलेली. ती रबरी बूट घालून काठाकाठाने धावत होती आणि ओरडत होती, "धरा! अरे, कुणीतरी धरा!" साठ वर्षांत मी तिचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. दुसऱ्यांदा "धरा" म्हणताना जुनी कवळी तोंडातून उडाली, हवेत एक गिरकी घेतली आणि डुबकन पाण्यात गेली.

केर्तू जागच्या जागी थांबली. दोन्ही हात तोंडावर. तिच्यामागे आख्खं गाव थांबलं.

स्तूरे पोहोचला. "सोफ्यात काय आहे, केर्तू?"

ती मान हलवत राहिली.

"जे काय असेल ते आणतो मी, पण सांग तर!"

सोफा वळणाशी आला होता. अजून दोन मिनिटं, की धबधबा. माझी बहीण एकदा सोफ्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे. मग तिने हात खाली केले आणि बोळक्या तोंडाने, सगळ्या गावादेखत ओरडली, "माझे दात!"

स्तूरेने एक शब्द विचारला नाही. मासेमारीच्या झोपडीला टेकवलेलं लांब दांड्याचं जाळं उचललं आणि फळीवर धावला. ताउनो मागून ओरडत होता, "घड्याळ थांबलंय! आता हात लावायला हरकत नाही! दोन्ही बाजूंना!" सोफा जवळून गेला तेव्हा स्तूरेने पूर्ण ताकदीने जाळं मारलं. एक गादी आली. आणि गादीबरोबर एक कावळा, फारच चिडलेला. बाकी सोफा धबधब्यावरून पालथा होऊन समुद्राकडे गेला.

त्या गादीत काही नव्हतं. आम्ही ती पार उसवून बघितली.

केर्तू फळीच्या टोकाशी मान खाली घालून उभी होती. "दोन वर्षं फसवलं मी तुला," ती म्हणाली. तोंडात दात नसताना ते वाक्य कसं ऐकू आलं ते मी सांगणार नाही. "माझा एकही दात खरा नाही. हसले की पडायचे, म्हणून हसायचे नाही. आता तुला लग्न मोडायचं असेल तर..."

स्तूरे भिजलेली, उसवलेली गादी पोटाशी धरून तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे माझे विनोद तुला आवडायचे?"

"सगळे," केर्तू म्हणाली. "घरी जाऊन उशीत तोंड घालून हसायचे."

त्याने गादी खाली ठेवली. "अगं बाई, मी ते रात्री आरशासमोर पाठ करून यायचो. दर रविवारी वाटायचं, ही मला कंटाळलीय, सांगायचा संकोच वाटतोय तिला. शनिवारी चर्चमध्ये तू नाही म्हणशील म्हणून परवापासून मला जेवण जात नाहीये." त्याने बाहीने नाक पुसलं. "पाद्रीबुवा रेनडियरला विचारतात, तू चर्चमध्ये का येत नाहीस? रेनडियर म्हणतो, तुमच्याकडे टोपी काढून आत यावं लागतं, माझी शिंगांची टोपी अजून महिनाभर निघायची नाही."

विनोद बरा होता, फार नाही. पण केर्तू हसली. ओठ मिटून नाही, हात आड धरून नाही, डोकं मागे टाकून, सगळ्या हिरड्या उघड्या टाकून हसली. ती थांबेचना, म्हणून मग आम्हीही हसलो. ताउनोसुद्धा हसला, आणि त्याला ते जमतं हे गावाला त्या दिवशी कळलं.

शनिवारी लग्न झालं. पाद्रीबुवांना दोनदा थांबावं लागलं, कारण स्तूरे मध्येच विनोद घेऊन नवरीच्या कानाशी लागत होता.