टाच झिजलेला डावा बूट

मित्रांनो, पळण्याच्या बुटांच्या जोडीतला मी डावा. आता जुना झालोय आणि थकलोही आहे. माझी टाच पार झिजली आहे, चवड्याकडचा तळ मात्र अजून धड आहे. असं का झालं, तेवढं सांगतो.

पातूरकडच्या खुशालरावांनी आम्हा दोघांना अमरावतीच्या राजापेठेतून घेतलं. ते भाजी पिकवणारे. वांगं दाबून पाहावं तसा त्यांनी एकेका बुटाचा तळ अंगठ्याने दाबला आणि सगळ्यांत जाड, मऊ टाचेचे आम्ही त्यांना पसंत पडलो. त्यांची लेक वर्षाली पोलीस भरतीची तयारी अनवाणीच करत होती. बापाच्या जिवाला ते लागत होतं.

वर्षाली लहानपणापासून बांधावरून पळायची. चवड्यावर उतरायची, पावलं छोटी नि भरभर टाकायची. आमच्यात पाय घातले आणि सगळं बिघडलं. खाली मऊ लागतंय म्हटल्यावर ती लांब ढांगा टाकून टाचच आधी आपटू लागली. दोन महिन्यांत तिच्या नडग्या ठणकू लागल्या, धावायला वेळही जास्त लागू लागला. तरी बाबांनी हौसेने आणलेत म्हणून ती गप्प राहिली. मला सगळं कळत होतं, पण बुटाचं ऐकतो कोण?

ओळखलं ते तिच्या आईने, मैनाबाईंनी. पालकाच्या वाफ्याकडेच्या ओल्या मातीत आमचे ठसे उमटले होते. "पह्यले तुहा चवडा रुते, आता टाच रुतून राहिली," त्या म्हणाल्या. "दुखते तं काहून घालून राहिली?"

त्या दिवसापासून ती रोज थोडं थोडं अनवाणी पळू लागली. एकदम नाही, कारण पोटऱ्यांची सवय मोडली होती. बाकी वेळ आम्ही होतोच.

अकोल्याला भरतीच्या दिवशी तिने आम्हाला कुंपणावरून खुशालरावांच्या हातात दिलं. त्यांचा चेहरा उतरला. ती अनवाणी धावली आणि आठशे मीटर वेळेच्या आत पूर्ण केले. खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ती लंगडत बाहेर आली. तापलेल्या मैदानाने तळवे सोलले होते. "बाबा, जोडे द्या," ती म्हणाली. "घरी मले यातच जायचं हाय." खुशालराव खाली बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आम्हाला तिच्या पायात घातलं.

मित्रांनो, बूट आणाल तेव्हा ज्याचे पाय आहेत त्याला विचारा. आणि दुखत असेल, तर कितीही मायेने आणलेला असलो तरी मला काढून ठेवा. मी रागावणार नाही.