दुसरी वेणी

सृष्टीची एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीचे तीन पेड क्रांतीच्या बोटांत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकट्या जावेची हाक आली.

"अक्का, निऱ्या बसंनात वं. जरा येता का?"

क्रांतीनं पेड सोडून दिले. आज राजनंदिनीला ताटकळत ठेवून कसं चालेल? दुपारी ती सांगलीची महापौर होणार होती.

टाचण्या दातांत धरून क्रांती तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. साडी क्रांतीचीच होती, मोरपंखी, जरीकाठाची. उमेदवारी अर्ज भरायला जाताना नेसायची म्हणून घेतलेली आणि कपाटातच राहिलेली.

"भाषणात अडखळले तर, अक्का?"

"लिहून दिलंय तेवढंच वाच. मान वर ठेव."

टाचणी कमरेला टोचली. राजनंदिनी कळवळली.

"लागलं का गं?" क्रांतीनं विचारलं. पण आतून किती बरं वाटलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

विश्रामबागेतल्या त्यांच्या प्रभागात अकरा वर्षं क्रांती पायाला भिंगरी लावून फिरली होती. पाणी आलं नाही की पहाटे वॉल्व्हमनचं दार वाजवणारी ती. महापुरात शाळेच्या पटांगणात चुली मांडून तीनशे माणसांना जेवू घालणारीही तीच. नवरा फौजेत, दोघं मुलगे शिकायला पुण्यात. तिला दुसरं होतं तरी काय? प्रभागातली एक जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा सासऱ्यांनी, हंबीररावांनी, सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "फॉर्म थोरली भरणार."

अर्ज भरताना वकिलाचं पेन अपत्यांच्या रकान्यावर थांबलं.

"थोरल्याला दोन हायती," हंबीरराव म्हणाले.

"तीन," क्रांती हळूच म्हणाली.

दोनांच्या वर मुलं असली की अर्ज बाद, हा नियम म्हाताऱ्याला माहीत नव्हता असं नाही. पण विचारील त्याला ते 'दोन नातू' असंच सांगत. क्रांतीला धाकधूक होती, तरी तोंड उघडायची छाती झाली नव्हती. चौदा वर्षं कुणी न मोजलेली सृष्टी त्या दिवशी मात्र मोजली गेली.

"मग धाकटी भरंल," हंबीरराव म्हणाले आणि उठले. धाकटीला एकच मुलगा होता.

राजनंदिनी निवडून आली. गुलालात माखलेल्या बायका क्रांतीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आमी तुमच्याकडं बगून बटण दाबलंय बरं का, अक्का." ते ऐकून क्रांती आणखीच जळली. पुढं महापौरपदाची सोडत निघाली, तेही बाईलाच आलं, आणि पक्षानं राजनंदिनीचं नाव काढलं. तिचं म्हणे कुणाशीच वाकडं नव्हतं. असेल कसं? ती कधी कुठं गेलीच नव्हती.

सभागृहाचे पास घरात दोनच आले. सासरे आणि दीर उदयसिंह गेले. क्रांती ओवाळणीचं ताट तयार करून सोप्यात मोबाईल घेऊन बसली. शेजारी सृष्टी, मिरवणूक बघायला म्हणून शाळा बुडवलेली. पडद्यावर हात वर झाले, मोजले गेले. भगव्या फेट्यातली राजनंदिनी उभी राहिली आणि वाचू लागली.

"पाण्यासाठी कुठल्याही बाईला पहाटे उठून नळाशी बसावं लागू नये, एवढं मला करायचंय."

टाळ्या थांबेनात. ते वाक्य क्रांतीनं तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं होतं.

"आई," सृष्टी म्हणाली, "मी नसते तर तिथं तू असतीस न्हवं?"

"न्हाई गं."

पण ते उत्तर क्षणभर उशिरा आलं. सृष्टीनं तो उशीर ऐकला. तिनं मोकळेच राहिलेले अर्धे केस कानामागं सारले आणि मोबाईल बंद करून ठेवला.

क्रांतीला स्वतःची लाज वाटली. दोन मुलगे झाल्यावर घरातले सगळे पुरे म्हणत होते. मुलगी हवी म्हणून अख्ख्या घराशी भांडली होती ती. ही पोर तिनं मागून घेतली होती.

काही वेळानं हलगी वाजत गल्लीत आली. पाठोपाठ फटाके वाजले. कुणीतरी दारातून ओरडलं, "अक्का, ताट आणा. म्हापौरबाई उंबऱ्यात उभ्या हायत."

क्रांती उठली. ताटाला हात लावला आणि ते तिथंच ठेवून तिनं फणी उचलली.

"बस खाली," ती सृष्टीला म्हणाली.

"आई, काकी आल्यात."

"उभी राहू दे."

तिनं केस विंचरून तीन पेड पाडले आणि शेवटपर्यंत घट्ट वेणी घातली. दाराशी दोनदा हाक आली. हलगी थांबली, पुन्हा सुरू झाली. क्रांतीनं रिबिनीचं फूल बांधलं, ते जरा वाकडं वाटलं म्हणून सोडून पुन्हा बांधलं. मग निरांजन लावून तिनं ताट सृष्टीच्या हातात दिलं.

"जा, तू ओवाळ. मी हाय मागं."