वच्छलाच्या गाण्याचा हेवा

मित्रांनो, हेवा करू नये असे तुम्हांला शिकवतात. मी माळ्यावर पडलेली एक जुनी बाजाची पेटी आहे, आणि मी वर्षानुवर्षे एका गाण्याचा हेवा केला.

चंद्रपूरच्या इब्राहीमभाईंनी मला सागाच्या लाकडातून घडवले. १९५२ साली वडशाजवळच्या गावातल्या सोमाजीने मला विकत घेतले. सोमाजी धानाची शेती करी आणि हिवाळ्यात दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, पेटी वाजवी. लोक म्हणत, "पेटी बोलते वो सोमाजीची!" मी फुगून जाई.

मग वच्छला लग्न होऊन आली. माहेराहून तिने रोवणीचे, धानाची रोपे लावताना म्हणायचे, एक गाणे आणले:

धान निसवले रे राजा, तुही वाट पाहू किती,
ताटात वाढला भात, जेव ना येऊन इथी.

लोंब्या आलेले धान आणि वाढलेले ताट, एवढेच. ना चंद्र, ना फुले! तरी बाया ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. एका दुपारी मी सूर धरला, तर सोमाजीने भाता मिटला. "वच्छला, तू म्हण. याले पेटी नाई पाह्यजे." त्या दिवसापासून मी आतून जळू लागले.

पुढे वच्छलाला विषमज्वर झाला. दीड महिन्याने ताप उतरला, पण तिचा गळा बसला तो कायमचा. खरे सांगते, मला आनंद झाला. आता सोमाजीला माझ्यावाचून कोण होते? पण तो मला हात लावीना. पलीकडच्या धानाच्या बांधीतून रोवणीच्या बाया तेच गाणे म्हणत, आणि वच्छला दाराआड उभी राहून डोळे पुसे. तेव्हा मला माझी लाज वाटली.

एके दिवशी ती माझ्यापुढे येऊन बसली. कुजबुजल्यासारखी सोमाजीला म्हणाली, "मले वाजवाले शिकवा."

महिनाभर ती एका बोटाने चाचपडत राहिली. एकदा चाल पुरी जमली, तेव्हा अंगणात धान पाखडणाऱ्या बायांनी सुपे खाली ठेवली आणि शब्द उचलले. आता तरी माझे नाव निघेल, असे मला वाटले. शेजारची म्हातारी कलाबाई म्हणाली, "किती गोड गाणं हाय वो!"

पुन्हा गाणेच!

"काय हाय येवढं त्या गाण्यात?" सोमाजीने हसून विचारले.

कलाबाई म्हणाली, "माहा म्हातारा जाऊन बारा वर्सं झाली, भाऊ. तरी तांदूळ घेताना एक मूठ जास्तच पडते. तेच हाय त्याच्यात."

वच्छलाने चाल पुन्हा सुरुवातीपासून धरली. माझ्यातून तो सूर निघाला, तेव्हा मला गाण्याचा अर्थ कळला. हेवा मात्र गेला नाही. बाया गाणे गुणगुणत घरी गेल्या, आणि मी चटईवर राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी काम करता करता कोणी गुणगुणत असेल, तर मध्येच हाक मारू नका. शब्द ऐकून ठेवा. आणि जमले तर कधी माळ्यावर चढून माझ्यासारखीचीही धूळ पुसा.