धुतलेलं पेट्रोल

विमान ॲव्हरेज काय देतं, असं मी रोनाल्डला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. विचारलं होतं चेष्टेने. त्या गृहस्थाने मात्र हातातला पाना खाली ठेवला आणि मला अर्धा तास उभं करून उत्तर दिलं. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

मी जयवंत. वीज खात्यातून निवृत्त, राहायला नालासोपारा पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी फिरायला म्हणून निघतो आणि जवळच्या गास गावात रोनाल्डच्या वाडीत जाऊन बसतो. चालणं डॉक्टरांच्या समाधानासाठी, बसणं माझ्या. वाडीत विहिरीच्या पलीकडे पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे केळी पिकवायचे, आता विमान पिकतंय, असं मी म्हणतो. दोन माणसांचं, पांढरं, चेपलं तर खळगा पडेल इतकं हलकं. रोनाल्डने जन्मभर विमान कंपनीच्या कारखान्यात दुसऱ्यांची इंजिनं उघडली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं विमान बांधायला घेतलं. इंजिन मात्र एका जुन्या मोटारीचं, चार सिलिंडरचं. त्याची बायको, फ्लॉसीवहिनी, म्हणतात की आमची लेक फेलिशिया लहान असताना याने तिचं नाक जितक्या वेळा पुसलं नसेल तितक्या वेळा या इंजिनाचे प्लग पुसलेत.

खरं सांगू? ते विमान उडेल असं मला कधी वाटलंच नाही. उडावं असंही नाही. मला ते शेडमध्ये आवडायचं. रोनाल्ड इंजिन चालू करायचा, पंख्याचा वारा केळीच्या पानांतून सळसळत जायचा, विहिरीच्या पाण्यावर बारीक शहारे उठायचे आणि त्या एकसुरी घुरघुरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर माझा डोळा लागायचा. मग शेड, विहीर, केळी आणि खुर्चीसकट मी, असे सगळे हळूच जमिनीवरून सुटायचो. खाली गासची भातशेती सरकायची, मिठागरांचे चौकोन, खाडी, आमच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरच्या पाण्याच्या काळ्या टाक्या. कुणाला काही घाई नसायची. बायको खालून हाक मारायची आणि मला ती ऐकू यायची नाही. इतकं सुख मला नोकरीत एकदाही मिळालं नव्हतं. इंजिन थांबलं की मी धपकन वाडीत परत यायचो आणि रोनाल्डवर उगाचच चिडायचो.

फ्लॉसीवहिनींना असली स्वप्नं पडत नव्हती. सरकारी परवानगीचे कागद हातात पडले आणि विमान ट्रकवर घालून घाटावरच्या एका धावपट्टीवर न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं की मला भीती वाटते. मोटार बंद पडली तर बाजूला घेता येते, वर बाजू कुठे असते, असा त्यांचा सवाल होता. इंजिन एकच आणि नवराही एकच. रोनाल्डने आकडे सांगितले, चाचण्या सांगितल्या, कारखान्यातल्या साहेबाची शाबासकी सांगितली. वहिनी म्हणाल्या, आकडे तुझे, मोजमाप मात्र माझं. इंजिन रोझरीची जपमाळ संपेपर्यंत न खोकता चाललं पाहिजे. जपातली आनंदाची रहस्ये, प्रकाशाची, दुःखाची आणि गौरवाची, चारी प्रकारची. रोज एक माळ. मधे एकदा जरी बंद पडलं तरी विमान शेडमध्येच राहील.

रोनाल्ड कबूल झाला. मी म्हटलं, अख्ख्या विमान खात्यात इतकी कडक तपासणी नसेल.

मग ते सुरू झालं. वहिनी कानांत कापूस घालून स्टुलावर बसायच्या, ओठ हलत असायचे, बोटांत मणी पुढे सरकत असायचे. रोनाल्ड त्यांच्याकडे बघतच नसे, इंजिनाच्या मीटरच्या काट्यांकडे बघे. आनंदाची पार पडली, प्रकाशाची पार पडली, दुःखाचीही काही न बिघडता पार पडली. मी तिन्ही वेळा उडून आलो.

या सगळ्यात पेट्रोलची एक भानगड होती. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आपल्या इंजिनाच्या जुन्या नळ्यांना ते मानवत नाही, शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं, असं रोनाल्डचं म्हणणं. म्हणून तो पेट्रोल धुवायचा. मोठ्या कॅनमध्ये पेट्रोलात पाणी ओतायचं, घुसळायचं आणि निवळत ठेवायचं. पाणी इथेनॉलला धरून तळाशी जातं. खालच्या तोटीने ते सोडून दिलं की वर निव्वळ पेट्रोल उरतं. मी त्याला पेट्रोलचा बाप्तिस्मा म्हणायचो. वहिनींनी एकदा विचारलं होतं, हा काय प्रकार, तर रोनाल्डने कामात मान खाली घालूनच सांगून टाकलं होतं की पाण्याने पेट्रोल शुद्ध होतं. एवढंच. पुढचं सांगायला हवं होतं, की टाकीत पाण्याचा थेंब राहिला तर घात होतो. पण नवरे पुढचं कधी सांगतात?

गौरवाच्या रहस्यांच्या दिवशी मी लवकर पोचलो. रोनाल्डने टाकीखालच्या नळातून बाटलीभर पेट्रोल काढून उजेडात धरलं. स्वच्छ होतं, पाण्याचा टिपूस नव्हता. बाटली मलाही दाखवली. मग तो आंघोळीला गेला, कारण शेवटच्या माळेला तो धुतलेला सदरा घालणार होता. मी शेडकडे पाठ करून विहिरीपाशी तगरीची फुलं वेचत बसलो, बायकोच्या देवांसाठी.

तो आला आणि आम्ही दोघांनी मिळून विमानाची शेपटी उचलून घडवंचीवर ठेवली. उभं असताना ते मागे झुकलेलं असतं. उडताना ते सपाट होतं, तसंच आज इंजिन चालवायचं होतं. वहिनी स्टुलावर बसल्या. पंखा फिरला, पानं सळसळली, माझे डोळे मिटले. मी नुकताच जमिनीवरून सुटलो होतो, मिठागरं दिसायला लागली होती, तेवढ्यात इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं, पंखा दोनदा कण्हल्यासारखा फिरला आणि थांबला. केळीची पानं एकेक करून स्थिर झाली. वहिनींच्या बोटांत पाचांपैकी दुसऱ्या रहस्याचेच मणी होते.

रोनाल्डने टाकीखालचा नळ उघडून बाटली भरली आणि उजेडात धरली. तळाशी बोटभर पाणी होतं, वर पेट्रोल. मधली रेघ मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती.

तो विमानाच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला, धुतलेल्या सदऱ्यासकट. सकाळी बघितलं होतंस ना तू, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, बघितलं होतं, स्वच्छ होतं. तो म्हणाला, म्हणजे पाणी मागच्या कोपऱ्यात साचून राहिलं असणार आणि शेपटी उचलल्यावर पुढे आलं. मी ते नीट निवळू दिलं नाही. मग बराच वेळ तो स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत राहिला.

“हे वर झालं असतं,” तो म्हणाला. “ज्याच्या हातून टाकीत पाणी राहतं, त्याने उडू नये. कारखान्यात मी अशा माणसांना इंजिनाजवळ उभं राहू देत नव्हतो. संपलं, जयवंत. आता हे कुणाला तरी देऊन टाकू.”

मला गलबलून आलं. खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं. विमान राहील, नाहीतर जाईल, पण रोनाल्ड राहील. वहिनींना तर एक शब्दही न बोलता जे हवं होतं ते मिळालं होतं. अट त्यांची होती आणि इंजिन बंद पडलं होतं. आता फक्त चहा टाकायला घरात जायचं बाकी होतं.

त्या गेल्या नाहीत. एरवी ती दोघं आपसांत घरच्या बोलीत बोलतात आणि इतक्या वर्षांनंतरही मला ती निम्मीच कळते. आज वहिनी मलाही कळेल अशा मराठीत बोलल्या.

“पाणी मी घातलंय,” त्या म्हणाल्या. “तू आंघोळीला गेलास तेव्हा. देव्हाऱ्यातलं पवित्र पाणी, अख्खी बाटली. पाण्याने पेट्रोल शुद्ध होतं, असं तूच म्हणाला होतास. मला वाटलं, घालायचंच आहे तर चर्चमधलं घालावं. वर तुला काही होऊ नये म्हणून.”

रोनाल्डने मान वर केली. तो रागावेल असं मला वाटलं होतं, हसेल असंही वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. बाटली अजून त्याच्या हातात होती.

“तू बोलली नसतीस तर मी घरी राहिलो असतो,” तो म्हणाला. “कायमचा.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “पण तू तुझ्या हातांना नावं ठेवायला लागलास. ते मला ऐकवेना.”

रोनाल्ड उठला. त्याने टाकीखाली रिकामा कॅन सरकवला आणि नळ पूर्ण उघडला. वहिनींनी कॅन दोन्ही हातांनी धरून ठेवला, कलंडू नये म्हणून. पेट्रोलची धार पडत होती आणि दोघं तिच्याकडे बघत होती.

मी खुर्चीवर बसून राहिलो. झोप कुठल्या कुठे पळाली होती. विमान आता खरंच उडणार होतं आणि त्यात रोनाल्ड असणार होता.