न धुतलेला स्वेटर

"अगं, पेटीतनं काढला तसाच चढवतेस पोरीच्या अंगात? आधी धू, दोन दिवस वारा लागू दे. वासानं माझंच डोकं उठलंय!" नवऱ्याच्या आत्यानं नाक मुरडलं.

तान्ह्या ठमीच्या आईनं हसून उडवून लावलं. "आत्या, लोकर आहे ती, पायपुसणं नाही. उठसूट धुतली तर आटते."

कॉलेजात वस्त्रशास्त्रात ती पहिली आली होती. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, गरम पाण्यात चोळली की ते एकमेकांत अडकतात ते कायमचे, हे तिनं झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. त्यात हा स्वेटर तिच्या आईनं जाण्याआधी नातवंडासाठी विणलेला, डांबरगोळ्या घालून जपलेला. एखादा टाका बिघडला तर पुन्हा घालून देणारं कोण होतं? बाहेर थंडी मी मी म्हणत होती. स्वेटर तसाच ठमीच्या अंगात गेला आणि अंगातच राहिला.

ठमी पिवळी दिसू लागली. "नवी बाळं होतात गं पिवळी," नवरा म्हणाला. मग ती दूध ओढेना, तेव्हा सगळे दवाखान्यात धावले.

डॉक्टरीणबाईंनी बाळ हातात घेतलं आणि थबकल्या. "डांबरगोळ्यांचा वास कुठून येतोय?"

ठमीच्या रक्तात जन्मापासूनच एक उणीव निघाली. अशा बाळाचं रक्त त्या गोळ्यांच्या नुसत्या वाफेनंही फुटतं आणि कावीळ चढत जाते.

रक्त बदललं. ठमी वाचली. पण तोवर कावीळ मेंदूपर्यंत पोचून कान घेऊन गेली होती. आता पाठीमागून हाक मारली तर ती वळत नाही. भांडं आपटलं तरी नाही.

"मी तेव्हाच बोंबलत होते," आत्या येईल त्याला ऐकवते. "पण शिकलेल्यांना कोण सांगणार!" खरं तर आत्यालाही नुसता वासच सोसत नव्हता, धोका तिलाही ठाऊक नव्हता. पण हे बोलायला ठमीच्या आईला आता तोंड कुठं उरलंय?

स्वेटरला हात लावायचा धीर व्हायला बरेच महिने गेले. मग तिनं तो धुतला. कोमट पाण्यात सौम्य साबण, चोळणं नाही, पिळणं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबला, सावलीत आडवा पसरला. सूतभरही आटला नाही. पहिल्या नंबराचं काम! ठमीच्या मात्र तो आता कोपराच्या वर चढत नव्हता.

तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच गळ घालते, तीच तुम्हालाही. शेजारी बाळंतीण असेल तर आजच जा. ती तुम्हाला हसेल, चार गोष्टी शिकवेल, शिकवू दे. तुम्ही बाळ उचलून घ्या आणि त्याच्या स्वेटरला नाक लावून बघा.