जिरायतीचा ऊस

साळूबाई परड्यात शेणी थापत होती, तेव्हा धाकटा दीर नाथाजी येऊन "वैनी" म्हणाला. तिचं कुंकू पुसल्यापासून त्यानं तिला नात्यानं हाक मारली नव्हती.

फौजेतला नवरा गेल्यावर वर्षाच्या आतच नाथाजीनं वाटणी मांडली होती. विहिरीलगतचा एक एकर तिला, माळाकडचे चार त्याला. पंच म्हणाले, बागायतीचा एक म्हणजे जिरायतीचे चार. बाईमाणसाला आणखी काय हवं? आपल्या रानाला पाणी पोचत नाही, असं नाथाजीनं देवळात बेल उचलून सांगितलं. पुढच्याच साली त्या चार एकरांत ऊस उभा राहिला, आणि विधवेचं पाऊल नको म्हणून विहिरीवरच्या इंजिनघराला कुलूप लागलं. साळूबाईच्या बागायतीत कुसळं उगवली. सारा मात्र तिनं बागायतीचाच भरला. गावाला हे दिसत होतं. विधवेचा वाटा असाच धरायचा, ही रीतच पडली होती.

आता कुपवाडकडच्या कारखान्यांसाठी सरकार माळ घेणार होतं. मोल ठरवणारे साहेब यायचे होते. नाथाजीचं रान कागदावर कोरडं, आणि कोरड्याला भाव नव्हता. विहीर सामाईक, म्हणून तिचं पाणी या रानाला मिळतं अशी साळूबाईची साक्ष हवी होती. त्यानं लुगडंही कबूल केलं.

"सांगीन की," ती म्हणाली. "पर आदी तुमी सांगा, भावजी. समद्यांम्होरं."

बांधावर गाव जमला. पाणी कधीपासून, साहेबांनी विचारलं.

"दादा हुता तवापास्नं," नाथाजी छाती काढून म्हणाला. "पाईप त्येनंच घातलीया."

साळूबाईनं पदर खोचला आणि जुन्या पंचाकडे वळली. "बिराप्पामामा, ऐकलासा न्हवं? वाटणीच्या वक्ताला बी हे रान ओलंच हुतं."

नाथाजीचा चेहरा उतरला. "तसं न्हवं, सायेब..."

"मग कोरडं म्हणा, मी बी कोरडंच म्हन्ते. मातीमोल जाऊ द्या. ओलं म्हणत असशिला तर वाटणी खोटी, अर्दं रान माजं. बोला, भावजी. मला घाई न्हाई."

त्यानं पायाखालचं ढेकूळ चुरलं. मग पुटपुटला, "ओलं. अर्दं तुजं."

तिला कीव आली नाही. "मोठ्यानं बोला. मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

तो पुन्हा बोलला. बिराप्पा काढता पाय घेत होता, तेवढ्यात कुंभारवाड्यातली विधवा बनुबाई त्याच्या वाटेत उभी राहिली.

"मामा, थांबा की वाईच. माज्या वाटणीला बी तुमीच हुतासा."